छापील कॅनव्हास चौकटीवर चढवण्याआधी

चित्रापेक्षा मोठा कॅनव्हास का लागतो, हे आम्हाला सर्वांत जास्त वेळा विचारलं जातं. हिशेब सोपा आहे. चित्र ६० × ९० सेंमी आणि चौकट ४ सेंमी जाड असेल, तर प्रत्येक बाजूला ४ सेंमी कॅनव्हास कडेवर जातो आणि मागे दुमडून स्टेपल मारायला निदान ३ सेंमी लागतो. म्हणजे तुकडा हवा ७४ × १०४ चा. फोटोच कडेवर वळवायचा म्हटलं, तर काठाजवळचं डोकं, सही, अक्षरं बाजूला जाऊन बसतात. अशा वेळी आम्ही कडेसाठी आरशातल्यासारखी उलटी प्रतिमा जोडतो किंवा एकरंगी पट्टा देतो. काय हवं ते छपाईआधी सांगा. नंतर इलाज नाही.

चौकटीची पट्टी समोरून आतल्या अंगाला उतरती तासलेली असते, त्यामुळे कॅनव्हास फक्त बाहेरच्या काठावर टेकतो. सपाट पट्टी वापरली तर कालांतराने तिच्या आतल्या कडेची रेघ चित्रावर उमटते. चौकट काटकोनात आहे की नाही, हे दोन्ही कर्ण मोजून पाहतो. मोठ्या चित्राला मधे आडवी पट्टी घालतोच, नाहीतर ताणाने लांब बाजू आत वाकतात.

शाई पुरती वाळल्यावरच ताणायला घेतो, त्यामुळे घाई करू नका. कॅनव्हास स्वच्छ कापडावर पालथा ठेवून पहिला स्टेपल एका बाजूच्या मधोमध, दुसरा समोरच्या बाजूला, मग उरलेल्या दोन बाजूंना. तिथून आळीपाळीने कोपऱ्यांकडे. एका टोकाकडून सुरुवात केली की तिरकी सुरकुती पडते आणि ती शेवटपर्यंत जात नाही. वहीला कव्हर घालताना कोपरा मुडपतो तसाच इथेही मुडपतो, फक्त घडी वरच्या-खालच्या कडेला ठेवतो. बाजूने पाहताना ती दिसत नाही.

‘डफासारखा वाजला पाहिजे’ असं काही ग्राहक सांगतात. रंगवायच्या कोऱ्या कॅनव्हासला ते ठीक. छापील कॅनव्हासवर शाईचा थर असतो. पकडीने वाजवीपेक्षा जास्त ओढलं की काठावर तो तडकतो आणि पांढरी रेघ दिसू लागते. बोटाने हलकं दाबल्यावर लगेच वर आला, की आम्ही थांबतो.

हवेतला दमटपणा बदलला की सुती कॅनव्हास थोडा सैल-घट्ट होत राहतो, त्यात बिघाड काही नाही. सैलपणा तसाच राहिला, तर मागच्या कोपऱ्यांतल्या खाचांत पाचरी बसवून हातोडीने अगदी हलके ठोके द्या, चारही कोपऱ्यांत सारखे. ठोकताना पाचर आणि कॅनव्हास यांच्यामध्ये जाड पुठ्ठा सरकवा. हातोडी निसटली तर खूण समोरून दिसते. पाचरींची पुडी चौकटीच्या मागेच चिकटवलेली असते. पॅकिंगबरोबर ती फेकू नका. एका कोपऱ्याला दोन, अशा आठ असतात.