'साठी बुद्धी नाठी' हे खरं नाही

साठी उलटली की डोकं चालेनासं होतं, असं आपण पिढ्यानपिढ्या म्हणत आलो. १९५६ साली मानसशास्त्रज्ञ वॉर्नर शाई यांनी अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलमध्ये याचा अभ्यास सुरू केला. तीच माणसं दर सात वर्षांनी पुन्हा तपासली, दशकानुदशकं. दिसलं असं की विचारांचा वेग तरुणपणापासूनच हळूहळू मंदावतो, पण शब्दसंग्रह आणि तर्कशक्ती यांचा बहर सहसा चाळिशी-पन्नाशीत येतो. साठीच्या आधी ठळक घसरण बहुतेकांत दिसली नाही, नंतरही प्रत्येकाची वाट वेगळी.

ओळखीचा माणूस समोर येतो, नाव ओठांवर असतं पण सुचत नाही, आणि तासाभराने भांडी घासताना अचानक आठवतं. हे वयाचं. पण किल्ली हातात आहे आणि ती कशासाठी असते हेच कळत नाही, रोजच्या रस्त्यावर वाट चुकते, तर ते वयाचं नव्हे. तिथे डॉक्टर हवा.

या म्हणीचं सगळ्यात मोठं नुकसान हेच, की 'वय झालं' म्हणून तपासणीच होत नाही. बी-१२ची कमतरता, थायरॉईड, नैराश्य, एखादं औषध यांनीही विसराळूपणा येतो आणि उपचारांनी तो बऱ्याचदा सुधारतो. ऐकू कमी येणाऱ्या आजी प्रश्नाला भलतंच उत्तर देतात. घरचे म्हणतात, 'भ्रमिष्ट झाल्या'. मला याचं फार वाईट वाटतं. आधी त्यांचे कान तपासा.