टक्का नेमका कशाचा?

सुगीच्या दिवसांत खानापूर तालुक्यातल्या कुठल्याही गावात जा, अंगणात किंवा देवळासमोरच्या फरशीवर भात वाळत घातलेलं दिसेल. समजा, मळणीनंतर त्यात २० टक्के ओलावा आहे आणि साठवणीसाठी तो १४ टक्क्यांवर आणायचा आहे. १०० किलो भात वाळल्यावर किती भरेल? विसातून चौदा गेले, सहा किलो घट, म्हणजे ९४ किलो, हे उत्तर चटकन तोंडावर येतं. काट्यावर मात्र ९३ च्या आसपास भरतं आणि संशय अडत्यावर जातो.

इथं चूक काट्याची नाही. ऊन फक्त पाणी नेतं. दाण्यातला कोरडा भाग ८० किलो होता, तो ८० किलोच राहतो. सुरुवातीचे २० टक्के होते १०० किलोंचे. शेवटचे १४ टक्के आहेत वाळलेल्या भाताच्या वजनाचे, आणि ते वजन तर अजून काढायचंय. म्हणून वाळलेल्या भाताचं वजन क्ष किलो मानू. त्यात १४ टक्के पाणी, म्हणजे ८६ टक्के कोरडा भाग.

०.८६ × क्ष = ८०
क्ष = ८० ÷ ०.८६ = सुमारे ९३.०२

घट सहा नव्हे, जवळजवळ सात किलो. पन्नास क्विंटल भातामागे दोन उत्तरांतला फरक ४९ किलोंचा होतो. शेतकऱ्याच्या घरात ही रक्कम किरकोळ नसते.

समीकरण सहज सोडवणारी मुलं शाब्दिक उदाहरण आलं की अडतात. माझ्या मते ती आकडेमोडीत अडत नाहीत, टक्का कशाचा हे ठरवताना अडतात. नुसतं ‘क्ष मानू’ लिहिलं की पुढं सगळं धुकं. ‘वाळलेल्या भाताचं वजन क्ष किलो मानू’ असं पूर्ण वाक्य लिहिलं की अर्धं उदाहरण तिथंच सुटतं. उरलेलं अर्धं म्हणजे, या सगळ्यात न बदलणारी गोष्ट कोणती ते शोधणं. इथं ती होती ८० किलो कोरडा दाणा.

चिकोडी-निपाणीकडं गळीत हंगामात उताऱ्याची, म्हणजे उसाच्या वजनाच्या किती टक्के साखर निघाली याची, चर्चा चालते. उतारा साडेनऊवरून सव्वादहा झाला की ‘पाऊण टक्का वाढला’ म्हणतात. खरंय, पण तो पाऊण टक्का उसाच्या वजनाचा. टनामागे साखर ९५ किलोंवरून १०२.५ किलो झाली. साखरेच्या हिशेबानं ही वाढ जवळपास आठ टक्क्यांची! एफआरपी (केंद्र सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर) २०२२-२३ पासून १०.२५ टक्के उताऱ्यावर बांधलेली आहे, त्यामुळं हा फरक ऊस उत्पादकाला उमजायलाच हवा.

साडीच्या दुकानातलं उदाहरण सोपं आहे. २० टक्के सूट वजा जाऊन साडी १४४० रुपयांना पडली, तर मूळ किंमत १७२८ नव्हे. ०.८ × क्ष = १४४०, म्हणून १८००. सूट मूळ किमतीवर होती.

अशी गणितं आपल्या भागाला नवी नाहीत. नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ लिहिला, त्यात ‘उरलेल्याचा अमुक भाग’ अशा उदाहरणांचा स्वतंत्र प्रकारच आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (११५०) कमळांचं गणित येतं: एक तृतीयांश, एक पंचमांश, एक षष्ठांश आणि एक चतुर्थांश कमळं देवांना वाहिली, उरलेली सहा गुरूंना दिली, तर एकूण किती? तिथली रीत इष्टकर्माची. कुठलीही सोयीची संख्या धरा. ६० धरली तर ५७ जातात, तीन उरतात. हवीत सहा, म्हणजे दुप्पट, उत्तर १२०. ही रीत मला फार देखणी वाटते. ज्याला क्ष नकोसा वाटतो, त्या मुलाला आधी हीच शिकवावी.

पण तिला एक मर्यादा आहे. पिकलेल्या भातातला तिसरा हिस्सा वाटेकऱ्याला दिला, उरलेल्याचा पाव विकला, वर दोन पोती बियाण्याला काढली आणि घरात २५ पोती राहिली. आता १२ पोती धरून बघा: आठ, मग सहा, मग चार. २५ ला चारानं भागून बारानं गुणलं तर ७५ येतात, आणि ते चूक आहे. ती दोन पोती पिकाच्या प्रमाणात कमी-जास्त होत नाहीत, म्हणून साधं प्रमाण इथं कोलमडतं. बीजगणित अडत नाही. एकूण पोती क्ष मानू. वाटेकरी गेल्यावर दोन तृतीयांश क्ष उरले. त्याचा पाव, म्हणजे क्षचा सहावा भाग, विकला. राहिला निम्मा क्ष.

क्ष/२ − २ = २५
क्ष = ५४

ताळा पाहायचा तो समीकरणात नव्हे, मूळ गोष्टीत. समीकरणच चुकीचं मांडलं असेल तर ते स्वतःची चूक दाखवत नाही. ५४ पैकी १८ वाटेकऱ्याला, उरली ३६. त्यांचा पाव नऊ, उरली २७. बियाण्याला दोन, राहिली २५.