पांढऱ्या शिडावरची निळी सावली

शाळेत चित्रकलेच्या तासाला सावली काळ्या नाहीतर करड्या रंगानं भरायला शिकवतात. त्यामुळे होआकीन सोरोया या स्पॅनिश चित्रकाराचं १८९६ सालचं ‘शीड शिवताना’ पाहिलं की पुष्कळांना वाटतं, पांढऱ्या शिडावरचा हा निळा-जांभळा रंग म्हणजे चित्रकाराची लहर. तसं नाही. त्यानं दिसलं तेच रंगवलंय.

व्हॅलेन्सियाचा किनारा, डोक्यावर पानांची सावली, दोन्ही बाजूंना फुलझाडं. मधोमध पसरलेलं भलंमोठं शीड शिवणाऱ्या बायका. पानांच्या फटींतून आलेले कवडसे पिवळसर आणि त्यांच्यामधल्या घड्या निळ्या.

सावलीत सूर्याचा थेट प्रकाश पोचत नाही, पण आकाशाचा पोचतो. हवेचे रेणू प्रकाश विखुरतात, तेही तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात. ६५० नॅनोमीटरचा तांबडा आणि ४५० नॅनोमीटरचा निळा घ्या. ६५० भागिले ४५० म्हणजे सुमारे १.४४. त्याचा चौथा घात ४.३ च्या पुढे जातो. म्हणजे तांबड्यापेक्षा निळा चौपटीहून जास्त विखुरतो, म्हणून आकाशाचा उजेड निळा. कापडाची जी घडी फक्त आकाशाकडे तोंड करून आहे, तिच्यावर जणू निळा दिवाच लागलेला असतो. खाली झुकलेल्या घडीवर जमिनीवरून उसळलेला पिवळट उजेड पडतो, पानांजवळच्या घडीवर हिरवट. एकाच कापडावर इतके दिवे!

मग एरवी दोरीवर वाळणाऱ्या धोतरावर हे का दिसत नाही? कारण प्रकाशाचा रंग मेंदू परस्पर वजा करतो. याला वर्णस्थैर्य म्हणतात. २०१५ साली गाजलेल्या एका फोटोतला झगा काहींना निळा-काळा, तर काहींना पांढरा-सोनेरी दिसला, तो याच वजाबाकीमुळे. प्रत्येकाच्या मेंदूनं प्रकाशाचा अंदाज वेगळा बांधला होता.

जाता जाता कवडशांविषयी. झाडाखालचे ते गोल ठिपके म्हणजे सूर्याच्याच प्रतिमा. खंडग्रास सूर्यग्रहणात त्या चंद्रकोरीसारख्या होतात. ग्रहणाच्या भीतीनं मुलांना घरात कोंडून ठेवलं, तर अंगणातलं हे दृश्य त्यांना कोण दाखवणार?

निळी सावली पाहायला मात्र ग्रहणाची वाट पाहायला नको. निरभ्र सकाळी गच्चीवर पांढरा कागद अर्धा उन्हात, अर्धा सावलीत ठेवा. काळ्या कागदाची बारीक सुरळी करून आधी उन्हातला भाग पाहा, मग सावलीतला. सुरळीमुळे आजूबाजूचं काही दिसत नाही, तुलना तुटते, वजाबाकी फसते आणि सावली निळसर दिसू लागते.