गावात फायबर पोचली, म्हणजे घरोघरी वेगवान इंटरनेट आलं?

‘गावापर्यंत फायबर केबल आली, आता प्रत्येक घर जोडलं गेलं’ हा समज जुना आहे, आणि स्वाभाविकही. पण केबल बहुधा गावातल्या एखाद्या कार्यालयापर्यंतच येते. तिथून घरापर्यंतचा तुकडा वेगळा टाकावा लागतो आणि काम अडतं ते तिथेच.

हा तुकडा पडला तरी लाइन सामायिक असते. नेहमीच्या जीपॉन पद्धतीत (एकच फायबर अनेक घरांत वाटण्याची पद्धत) एका फायबरवर सुमारे 2.5 गिगाबिट वेग मिळतो आणि स्प्लिटर, म्हणजे फायबरमधला प्रकाश विभागणारा भाग, तो अनेकदा 32 घरांत वाटतो. सगळ्यांनी एकाच वेळी पूर्ण वेग ओढला, तर प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम 78 मेगाबिट येतात. प्रत्यक्षात असं क्वचित होतं, म्हणून वाटणी चालून जाते. प्रकाश मात्र कमी होतोच: असा स्प्लिटर साधारण 17 डेसिबल खातो, म्हणजे प्रकाश जवळपास पन्नासाव्या हिश्श्यावर येतो. त्यात केबल कुठे घट्ट दुमडली किंवा जोडावर धूळ बसली, की लाइन तुटू लागते.

पडताळणी घरीच करा. वायफाय बंद ठेवून लॅन केबलने वेग मोजा, सकाळी आणि रात्री नऊलाही. मग मोडेमच्या सेटिंग्जच्या पानावर ‘आरएक्स पॉवर’, म्हणजे मोडेमपर्यंत पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद, बघा. ती उणे 27 डीबीएमच्या (प्रकाशाच्या ताकदीचं एकक) खाली, म्हणजे उणे 28 किंवा उणे 30 अशी असेल, तर आकडा सांगून तक्रार नोंदवा.