भूकंपाला वेळापत्रक नसतं
‘इथे दर शंभर वर्षांनी मोठा भूकंप होतो, आता शंभर उलटली, म्हणजे आलाच समजा’ असं भूकंपप्रवण भागांबद्दल नेहमी सांगितलं जातं. पण असा आकडा ही निव्वळ सरासरी असते. कॅलिफोर्नियातलं पार्कफील्ड घ्या. सॅन अँड्रियास प्रस्तरभंगावरच्या (म्हणजे जिच्या दोन्ही बाजूंचे खडक सरकतात अशा जमिनीतल्या लांबलचक भेगेवरच्या) या गावाजवळ १८५७, १८८१, १९०१, १९२२, १९३४ आणि १९६६ साली ६ मॅग्निट्यूडच्या आसपासचे भूकंप झाले. सरासरी अंतर २२ वर्षं. पुढचा १९९३च्या आत येईल, असं खुद्द शास्त्रज्ञांनीच सांगितलं, उपकरणंही मांडून ठेवली. तो आला २००४मध्ये! (१९३४चा मात्र अवघ्या १२ वर्षांत आला होता, सरासरीच्या प्रेमात पडलेल्यांना तेव्हाच शंका यायला हवी होती.) ताण साचत जातो हे खरं, पण खडक कधी सरकणार हे घर्षणावर आणि शेजारच्या हालचालींवरही ठरतं.