२४ तासांची लघवी: डबा भरायला घेण्याआधी एवढं वाचा

गरोदरपणात डॉक्टरांनी चिठ्ठीवर '२४ तासांची लघवी, प्रोटीन' लिहिलं, की बहुधा बीपी १४०/९० च्या वर गेलेलं असतं किंवा पट्टीच्या तपासणीत प्रोटीन दिसलेलं असतं. विसाव्या आठवड्यानंतर ही दोन्ही एकत्र आली तर प्रीएक्लॅम्पसियाची, म्हणजे गरोदरपणात बीपी वाढून आई-बाळाला धोका होऊ शकणाऱ्या आजाराची, शंका घेतात. दिवसभरात ३०० मिलिग्रॅम किंवा जास्त प्रोटीन जात असेल तर ते नॉर्मल नाही.

आमच्या लॅबवर डबा न तपासता परत करायची वेळ येते ती बहुतेक सुरुवात चुकल्यामुळे. प्रेग्नन्सी किटला 'सकाळची पहिली लघवी' लागते हे सगळ्यांच्या डोक्यात पक्कं असतं, म्हणून इथेही तीच आधी डब्यात जाते. ती रात्रभर साठलेली असते, आजच्या हिशेबातली नव्हे. सकाळी सातला उठलात तर ती संडासात जाऊ द्या आणि डब्यावर 'सात' लिहा. त्यानंतरची प्रत्येक वेळची लघवी डब्यात, अगदी दुसऱ्या दिवशी सकाळी सातचीसुद्धा. संडासला बसण्याआधी स्वच्छ, कोरड्या मगात लघवी करून घ्या. हमखास तिथलीच वाया जाते. डबा पिशवीत बांधून फ्रिजमध्ये ठेवा. घरच्यांना ते नको असेल तर बर्फाच्या बादलीत चालेल.

एखादी वेळ राहिली तर लपवू नका, आम्हाला फोन करा. एकूण मापावर हिशेब असतो; एक वेळची लघवी सांडली तरी प्रोटीन कमी दिसतं आणि आजार असूनही रिपोर्ट चांगला येतो. म्हणून डबा घेताना आम्ही इतके प्रश्न विचारतो, सोबत क्रिएटिनिनही (रोज साधारण सारख्याच प्रमाणात लघवीतून जाणारा घटक) बघतो. आठव्या महिन्यात पुन्हा दिवसभर डबा सांभाळायचा म्हणजे त्रास आहे, हे आम्हाला कळतं. पण चुकीच्या आकड्यावर आम्ही सही करणार नाही.

घाई असेल तर एकाच नमुन्यावर प्रोटीन-क्रिएटिनिन गुणोत्तर काढता येतं. चालेल का, ते डॉक्टरांना विचारा. आमच्याकडे त्याचा रिपोर्ट त्याच दिवशी मिळतो. डबा आम्ही मोफत देतो, न्यायला घरी येतो आणि प्लेटलेट, लिव्हरचं रक्त त्याच फेरीत घेतो.

बीपी १६०/११० झालं, डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे काजवे चमकतायत, उजव्या बरगडीखाली दुखतंय, धाप लागतेय किंवा बाळाची हालचाल कमी वाटतेय, तर डबा आणि रिपोर्ट दोन्ही राहू द्या. तडक हॉस्पिटल गाठा, गाडी नसेल तर १०८ लावा. बाळंतपणानंतरही पहिले सहा आठवडे डोकेदुखी, काजवे, धाप ही लक्षणं अंगावर काढू नका आणि बीपीच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका.