मॅनोज-६-फॉस्फेट: पेशीतल्या पत्त्याचा शोध

१९६७ साली ज्यूल्स लरॉय आणि रॉबर्ट डीमार्स यांनी एका बालरुग्णाच्या त्वचेतून वाढवलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तेव्हा त्या गडद कणांनी ठासून भरलेल्या दिसल्या. त्या कणांवरून (इंग्रजीत ‘इन्क्लूजन’) आजाराला ‘आय-सेल’ हे नाव मिळाले. कण म्हणजे न पचलेला कचरा. पेशीतला कचरा पचवण्याचे काम लायसोसोमचे, म्हणजे आपल्या पाठ्यपुस्तकांतल्या लयकारिकांचे. त्यातला एखादा विकर (एन्झाइम) जन्मतः नसला, तर तो ज्या पदार्थाचे विघटन करतो तेवढाच साचत जातो. इथे मात्र अनेक विकर एकदम कमी होते, आणि तेच विकर पेशीबाहेरच्या द्रवात भरपूर सापडत होते. तयार झालेला माल घरात न पोचता रस्त्यावर सांडत होता.

अमेरिकेत बेथेस्डा येथे एलिझाबेथ न्यूफेल्ड यांनी या कोड्याला हात घातला. १९६८ मध्ये त्यांच्या गटाने दाखवले होते की हर्लर आणि हंटर या, लायसोसोमचा एकेक विकर नसलेल्या, दोन आजारांच्या पेशी एकत्र वाढवल्या तर त्या एकमेकींना दुरुस्त करतात. म्हणजे बाहेर पडलेला विकर शेजारची पेशी उचलून घेते. मग हिकमन आणि न्यूफेल्ड यांनी १९७२ मध्ये आय-सेल पेशींवर हीच तपासणी केली. निरोगी पेशींचे विकर आय-सेल पेशी व्यवस्थित उचलत होत्या, पण आय-सेल पेशींनी सोडलेले विकर कोणतीच पेशी घेत नव्हती. दोष घेणाऱ्यात नव्हता, मालावरच्या खुणेत होता. इतक्या साध्या प्रयोगातून इतका मोठा निष्कर्ष निघावा, हे मला आजही विलक्षण वाटते.

ही खूण कोणती, हे कळायला यीस्टची मदत झाली. विल्यम स्लाय यांच्या सेंट लुइसच्या प्रयोगशाळेत १९७७ साली दिसले की यीस्टच्या भित्तिकेतले मॅनन, म्हणजे मॅनोज या शर्करेची साखळी, पेशीची विकर आत घेण्याची क्रिया अडवते, आणि मॅननमध्ये फॉस्फेट जितके जास्त तितका हा अडथळा मोठा. साधे मॅनोज-६-फॉस्फेटही, म्हणजे सहाव्या कार्बनवर फॉस्फेट असलेले मॅनोजही, तेच करत होते. खूण सापडली!

ती चिकटवते कोण, याचे उत्तर १९८० आणि १९८१ मध्ये स्टुअर्ट कॉर्नफेल्ड आणि जर्मनीतले कुर्ट फॉन फिगुरा यांच्या गटांनी दिले. कॉर्नफेल्ड यांच्याकडे तेव्हा वेल्लोरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले अजित वर्की होते. काम दोन टप्प्यांत होते. पहिला विकर, फॉस्फोट्रान्सफरेज, नुसते फॉस्फेट लावत नाही. एन-ॲसिटिलग्लुकोसमीन ही शर्करा फॉस्फेटसकट मॅनोजवर बसवतो. दुसरा विकर वरची शर्करा काढून फॉस्फेट उघडे करतो. आय-सेल रुग्णांत पहिलाच विकर नसतो. सगळ्याच विकरांची खूण हरवल्यामुळे एखादा विकर बाहेरून देऊन भागत नाही, आणि बहुतेक मुले लहानपणीच दगावतात.

यीस्टमधली मॅननवर फॉस्फेट बसवण्याची क्रिया दिसायला अगदी अशीच. क्लिंटन बॅलू यांनी बर्कलेत मॅननची रचना उलगडली होती. अल्शियन ब्लू हा रंग ऋणभारित फॉस्फेटला धरतो, त्यामुळे रंग न चढणारी वसाहत म्हणजे फॉस्फेट हरवलेले उत्परिवर्तन, ही त्यांच्या शोधाची सोपी चाळणी. पुढे १९९६-९७ मध्ये जपानच्या योशिफुमी जिगामी यांच्या गटाने एमएनएन४ आणि एमएनएन६ ही जनुके हाती आणली. यीस्ट जीडीपी-मॅनोज या मॅनोजवाहक रेणूमधून मॅनोज-फॉस्फेट उचलते आणि दुसऱ्या मॅनोजच्या सहाव्या कार्बनवर बसवते. वरचे मॅनोज काढायला मात्र तिथे दुसरा विकर नाही, आणि ही खूण पत्ता म्हणून वापरलीही जात नाही. यीस्टमधल्या कार्बोक्सिपेप्टिडेज-वाय या प्रथिनाला रिक्तिकेचा, म्हणजे यीस्टमधल्या लायसोसोमसारख्या कप्प्याचा, रस्ता त्याच्या अमिनो आम्लांच्या क्रमातूनच कळतो.

हाच फरक औषधनिर्मितीत आडवा आला. यीस्टमध्ये बनवलेल्या मानवी विकरावर फॉस्फेट असते, पण मॅनोजच्या झाकणाखाली. माणसाच्या पेशीवरच्या, खूण ओळखणाऱ्या ग्राहीला (रिसेप्टरला) ते ओळखता येत नाही. २००२ मध्ये जिगामी यांच्या गटाने फॅब्री या लायसोसोमच्या आजारात कमी पडणारा विकर यीस्टमध्ये बनवला, तेव्हा हे झाकण जिवाणूपासून मिळालेल्या मॅनोसिडेज या मॅनोज तोडणाऱ्या विकराने काढावे लागले. २०१२ मध्ये बेल्जियममधल्या गेंट येथील गटाने यारोविया या यीस्टमध्ये पॉम्पे या अशाच आजारात कमी पडणारा विकर बनवून, पुन्हा एका जिवाणूच्याच विकराने झाकण उघडले.